त्या बेटावरचा जज्ज आणि माझा पाव हिस्सा

आबा, आज माझा आठवडा आहे, म्हणून लिहायला बसले. माझा आठवडा म्हणजे काय ते पुढे सांगते. आधी एवढंच सांगते की सकाळपासून मी कुणासाठी चहा टाकलेला नाही, स्वतःचा तेवढा कपभर घेतला, आणि सून सर्जरीला जाताना दारातून माझ्याकडे बघून हसून गेली. सर्जरी म्हणजे दवाखाना, इथे तसं म्हणतात, कापाकापी काही नसते. बाहेर हॅरोचं ऊन पडलंय, म्हणजे पडलंय असं म्हणायचं. चौथीपर्यंत शिकले तेवढ्या अक्षरावर लिहितेय, जोडाक्षर आलं की पेन थांबतं. तुम्हाला तर तेवढंही येत नव्हतं, तेव्हा चुका काढायला तुम्ही बसणार नाही, हे एक बरं आहे.

सांगायचं आहे ते नातीबद्दल. ही माझ्या मुलाची मुलगी, कार्डिफला असते. नवरा तिथल्या हॉस्पिटलात नर्स आहे, तिकडचाच, वेल्श, पण माझ्या हातची आमटी वाटीला तोंड लावून पितो, त्यामुळे माझी काही तक्रार नाही. मुलगा डॉक्टर, सून डॉक्टर, म्हणजे ही पण तेच होणार असं सगळे धरून चालले होते. हिने इतिहास घेतला. बरं, इतिहास घ्यायचा तर आपला घ्यावा, नाहीतर इथल्या राण्यांचा तरी घ्यावा. हिने घेतला इटलीजवळच्या एका बेटाचा, सार्डिनिया म्हणतात त्याला, आणि त्यातलाही आठनऊशे वर्षांपूर्वीचा असा एक राजा धरला की ज्याचं नाव तिथल्या शाळेतल्या पोरांनाही धड येत नाही म्हणे. सुनेला इथल्या मराठी मंडळाच्या हळदीकुंकवाला कुणी विचारलं की मुलगी काय करते, तर ती म्हणायची रिसर्च, आणि लगेच तिळगुळाची चौकशी करायची.

मागच्या वर्षी नातीला मुलगी झाली, म्हणजे मला पणती. बाळंतपणाला नात इथेच हॅरोला आली होती. बाळ झोपलं की ही स्वयंपाकघरात माझ्यासमोर तिचा लॅपटॉप उघडून बसायची, मी मेथी निवडायची. तिच्या राजाबद्दल ऐकून घ्यायला घरात दुसरं कोणी नव्हतं. मुलगा पाच मिनिटं ऐकायचा आणि फोनकडे बघायचा. मला काय, हात कामात असले की कान मोकळेच असतात. आणि आबा, गोष्ट चांगली होती. त्या बेटाचे चार वाटे होते, चार राज्यं, आणि चारही ठिकाणी राजाला राजा म्हणत नसत, न्यायाधीश म्हणत. मी त्याला जज्ज म्हणायला लागले, मग तीही तसंच म्हणायला लागली. आमच्या जज्जाला लहानपणीच शत्रू मारायला टपले होते, तर विश्वासातल्या माणसांनी त्याला समुद्रापार नेऊन वाढवलं. मोठा झाल्यावर गलबतं घेऊन आला आणि गादीवर बसला. मग तीर्थयात्रेला गेला. आणि मग सुटलाच. साधूंना बोलावून आणलं लांबून, पांढऱ्या कपड्यातले, त्यांना मठ बांधायला जागा दिली, चर्चला जमिनी, द्राक्षाचे मळे, मेंढरं, सगळं देत सुटला. दिलेलं कुणी मोडेल त्याला शाप, असंही लिहून ठेवायचे. मी म्हटलं, आपल्या देवळाच्या शेताच्या बांधावर तो सूर्यचंद्र काढलेला धोंडा होता तसंच की हे. ती लगेच म्हणाली, कुठला धोंडा, फोटो आहे का. आता त्या काळात धोंड्याचा फोटो कोण काढतंय. आमचेच नव्हते.

मग एक दिवस म्हणाली, "आजी, तो चर्चला लोक पण गिफ्ट द्यायचा."

मी मेथीची जुडी खाली ठेवली. लोक म्हणजे गुलामासारखी राबणारी माणसं, बायकामाणसं. आणि ती द्यायचीही तऱ्हा काय, तर गाईला जसे चार पाय तसे माणसाचे चार पाय धरायचे. कुणी सबंध चर्चचा. कुणी अर्धा चर्चचा, अर्धा जज्जाचा. कुणाचा एकच पाय चर्चचा, म्हणजे पाव माणूस, बाकीचा कुणा जमीनदाराचा. म्हणजे काही कापत नव्हते हो, दिवस वाटून घ्यायचे, एवढे दिवस याच्याकडे राबायचं, एवढे त्याच्याकडे. पोरं झाली की पोरांचीही वाटणी. आणि नात म्हणते, अशीही माणसं असत की तीन पाय दुसऱ्यांचे आणि एक पाय मोकळा, तो ज्याचा त्याचा. त्या एका पायावर काय करत असतील, ते काही कुठे लिहिलेलं नाही. तिला त्याचंच वाईट वाटायचं, आणि मला तुमची आठवण आली.

कारण तुम्ही तसेच की. गुरवाचं घर आपलं. वर्षातले चार महिने देवळाची पाळी आपली, बाकीचे आठ महिने दोन्ही काकांच्या घरांची. पाळी असली की तुम्ही देवाचे. पहाटे विहिरीचं पाणी, पूजा, पत्रावळी, संध्याकाळी ढोल, आणि मधे गावातलं कोण ना कोण कौल लावायला येऊन बसलेलं, कुणाचा बैल हरवला, कुणाची सोयरीक अडली. पाळी सरली की तुम्ही खोताचे, त्याच्या भाताला गुडघाभर चिखलात. रात्री जेवढे उरत होतात तेवढे आईचे आणि आमचे. हे मी नातीला सांगितलं तर तिने चक्क टाईप करून घेतलं. मी म्हटलं, अगं, हे त्या बेटावरचं नाही. तर म्हणते, माहितीय आजी, हे माझं आहे.

आता मुद्द्यावर येते. बाळ सहा महिन्यांचं झालं आणि नातीला परत जायचं होतं. प्रबंध संपवायला तिला थोडीच मुदत होती, नवऱ्याच्या ड्यूट्या कधी दिवसा कधी रात्री, आणि तिथली नर्सरी म्हणजे तिचा पगार घेऊन वर आणखी मागणार. ती मला एकटीला गाठून म्हणाली की आजी, तू येतेस का कार्डिफला, कायमची. नाही आलीस तर मी जज्जाला सोडून देते, काही हरकत नाही. हरकत नाही म्हणताना तिने बाळाचं झबलं चार वेळा घडी केलं. मी बघत होते.

मला हो म्हणायचं होतं. पण इथे वीस वर्षं झाली, माझी खोली आहे, मंडळ आहे, खालच्या दुकानातला गुजराती भाऊ मला कोवळी भेंडी बाजूला काढून ठेवतो. आणि मुलगा. नातीने विचारलंय हे कळल्यावर तो त्या आठवड्यात तीनदा म्हणाला की आई, तुझ्या हातची भाकरी मिळेनाशी झाली तर मी रिटायरच होतो. मग एका रविवारी जेवणं झाल्यावर सगळ्यांनी माझा निकाल लावायला घेतला. मुलाने फोनवर कॅलेंडर काढलं, महिन्याचे चार आठवडे. दोन हॅरोचे निळे, एक कार्डिफचा हिरवा. लेक माझी ईलिंगला असते, ती फोनच्या स्पीकरवर होती, ती म्हणाली, "आणि मला काय मग, करंगळी?" म्हणून चौथा आठवडा ईलिंगला, पिवळा. नात म्हणत होती एका आठवड्यात काही होणार नाही. सून म्हणत होती आईंना ट्रेनचा त्रास होईल. लेक म्हणत होती माझ्याकडे पायऱ्या कमी आहेत. भांडत नव्हते हो, प्रेमानेच चाललं होतं सगळं. प्रेमानेच मी तीन रंगांची होत होते, आणि मला कोणी विचारत नव्हतं, कारण मी भांडी लावत होते.

दुसऱ्या दिवशी घरात कोणी नव्हतं, तेव्हा मी काय केलं ते ऐका. हसाल. कौल लावला. तुम्ही नसताना, बाईमाणसाने, आणि तेही सुपरमार्केटच्या कार्नेशनच्या फुलाचा. आंघोळ करून देव्हाऱ्यापुढे बसले, आपण देवळात घालायचो तसं गाऱ्हाणं घातलं, जेवढं आठवलं तेवढं, आणि दोन पाकळ्या पाण्यात बुडवून देवाच्या खांद्यांना लावल्या. उजवी पडली तर कार्डिफ, डावी पडली तर हॅरो. तुमचा देव काळ्या दगडाचा, खरखरीत, पाकळी धरून ठेवायचा, मग सवडीने सोडायचा. माझा देव पितळेचा, मी दर आठवड्याला चिंचेने घासते. दोन्ही पाकळ्या एकदमच सटकन खाली. पुन्हा लावल्या, पुन्हा तेच. तिसऱ्यांदा मी शहाणपणा केला, जरा कोरड्या करून, दाबून लावल्या. त्या बसल्या त्या बसल्याच. देव्हारा खोली तापवणाऱ्या रेडिएटरच्या वर आहे. अर्ध्या तासात पाकळ्या सुकून पापडासारख्या चिकटल्या. दुपारी सून लवकर आली आणि म्हणाली, आई, देवाला काय लागलंय, डाग पडलाय का. मी म्हटलं, देव विचार करतोय.

आणि तेव्हा मला तुमचं बोलणं आठवलं. पाकळी पडायलाच तयार नसली की माणसं रडकुंडीला यायची, आबा, आता काय समजायचं. तुम्ही शांतपणे ताम्हण उचलायचात आणि म्हणायचात, देव म्हणतो, हे तुझं तू बघ, माझ्यावर नको टाकू. मग तो माणूस पाय ओढत घरी जायचा, आणि बहुतेक वेळा दोन दिवसांत आपलं आपण ठरवायचा.

त्याच्या पाठोपाठ ती दुपारही आठवली. मी सातआठ वर्षांची असेन. पाळी आपली होती. नैवेद्य झाल्यावर तुम्ही रोज थोडा वेळ दिसेनासे व्हायचात, आणि आई म्हणायची, नका हाका मारू. त्या दिवशी वरच्या आळीतला एक माणूस कौलाला आला, तातडीचं आहे म्हणून ओसरीवर बसला, आणि आईने नाइलाजाने मला पाठवलं. तुम्ही देवळाच्या मागे होतात, सुरंगीच्या झाडाखाली, भिंतीला पाठ लावून. मला वाटलं होतं जप करत असाल. तुम्ही वाघबकरी खेळत होतात. फरशीवर जुन्या माणसांनी कोरलेला पट होता, त्यावर खडे बकऱ्या आणि सागरगोटे वाघ, आणि तुम्ही एकटेच दोन्हीकडून. एक चाल वाघाची करायची, मग हनुवटीला हात लावून बकऱ्यांच्या बाजूने विचार करायचा. मी हसले. म्हटलं, आबा, चला, माणूस बसलाय. तुम्ही मान वर केली नाही.

"जा. आत्ता मी कुणाचा नाही. देवाचाही नाही."

एवढंच. पण तुमचा तो आवाज मी आधी कधी ऐकला नव्हता. मी रडत घरी गेले, आईने विचारलं तर सांगितलं नाही. तो माणूस बसून राहिला, तुम्ही आपल्या वेळेने आलात, पाय धुतलेत, त्याला कौल लावून दिलात, संध्याकाळी मला खांद्यावर घेऊन ढोल वाजवलात. मला कितीतरी वर्षं वाटायचं की मी तुमचं काहीतरी बिघडवलं होतं. लग्न होऊन निघाले तेव्हा बाकी सगळे रडत होते आणि तुम्ही माझ्या हातात फडक्याची एक पुरचुंडी दिलीत. मला वाटलं सोनं. उघडून बघते तर खडे आणि सागरगोटे. नवऱ्याने विचारलं हे काय, मी म्हटलं देवळातलं आहे, असू दे. घरं बदलता बदलता ते कुठे गेलं, आता सांगता येत नाही. पण त्या दिवशी, सुकलेल्या पाकळ्यांसमोर बसून, ते तुम्ही का दिलं होतंत ते मला पहिल्यांदा कळलं. तुमचा एक पाय मोकळा होता. तो तुम्ही मला दिला होता, आणि मी त्याला खेळणं समजले.

पुढच्या रविवारी मी भांडी लावली नाही. सगळ्यांच्या बरोबर टेबलाशी बसले. मुलाला म्हटलं, काढ तुझं कॅलेंडर. दोन आठवडे कार्डिफ, पोरीचा प्रबंध होईपर्यंत. एक आठवडा हॅरो. ईलिंग काही विलायत नाही, लेक बसने येईल. मुलगा म्हणाला, हे तीन झाले, चौथा कुणाचा.

"चौथा माझा," मी म्हटलं.

कुणाला कळलंच नाही. लेक फोनवरून म्हणाली, तुझा म्हणजे, तू जाणार कुठे. मी म्हटलं, कुठे नाही, माझ्याच खोलीत. पण त्या आठवड्यात मी घरात नाही असं समजायचं. भाकरी नाही, डबे नाहीत, कुरिअरला दार उघडणं नाही. मुलाचा चेहरा पडला, म्हणाला, आई, आमचं काही चुकलं का. चुकलं काय यांचं, सोन्यासारखी पोरं. ते मला सांगता येईना. तेव्हा नात बोलली. म्हणाली, बाबा, तिचे तीन पाय आपले आहेत, एक तिचा. सगळे तिच्याकडे बघायला लागले. मग तिने त्या बेटावरच्या माणसांची गोष्ट सांगितली, आणि आबा, गंमत बघा, मुलाने त्या दिवशी ती पहिल्यांदा पूर्ण ऐकली, फोन उलटा ठेवून. ऐकून झाल्यावर सून म्हणाली, "आई, ही स्कीम सुनांनाही लागू आहे का?"

लागू केली. आता महिन्यातला एक रविवार तिचा असतो. ती गाडी घेऊन कुठेतरी जाते, कुठे ते आम्ही विचारत नाही. पहिल्या महिन्यात माझ्या आठवड्यात मुलगा सवयीने माझ्या दाराशी आला, आई, जरा चहा, असं म्हणायला, तर सून जिन्यातून म्हणाली, त्या आत्ता कुणाच्या नाहीत. तो बिचारा खाली गेला आणि त्याने स्वतः चहा केला. वाईट झाला होता. मला कसं माहीत, तर एक कप माझ्या दाराबाहेर आणून ठेवला होता.

कार्डिफचं म्हणाल तर मजा आहे. पॅडिंग्टन स्टेशनवर मुलगा गाडीत बसवून देतो, तिकडे नातजावई उतरवून घेतो. पणती माझ्या अंगावर झोपते, नात दुसऱ्या खोलीत टकटक करते, मधेच बाहेर येऊन सांगते जज्जाचं काय झालं. एवढं देऊन देऊन शेवटी त्याने राज्य मुलाच्या हवाली केलं आणि स्वतःच फ्रान्सला एका मठात जाऊन साधू झाला. तिथे पुष्कळ वर्षं जगला म्हणे. लोकांचे पाय वाटले आणि शेवटी स्वतःला सबंधच देऊन टाकलं. नातीला प्रश्न पडला होता की का गेला असेल. मी म्हटलं, रोज ओसरीवर कोण ना कोण कौलाला बसलेलं असायचं, कंटाळला असेल. ती हसून म्हणाली, हे प्रबंधात नाही लिहिता येणार आजी. मला त्याचं मोठेपण कळतं, पण खरं सांगू, सबंध देणं त्या मानाने सोपं असेल. भाकरी भाजायची, बाळाला न्हाऊ घालायचं, आणि त्यातून एक पाय ओढून आपल्यापाशी ठेवायचा, हे तुम्ही करत होतात, आणि तुमच्यावर कुणी प्रबंध लिहिला नाही.

तर आबा, गेल्या महिन्यात तिचा प्रबंध पास झाला. घरात आणखी एक डॉक्टर आली, हिच्याकडे औषध तेवढं नाही. सुनेने मंडळात स्वतःहून पेढे वाटले आणि विचारलं नसताना त्या जज्जाची सगळी गोष्ट सांगितली, थोडी चुकीची सांगितली, पण मी गप्प राहिले. आता कार्डिफचे दोन आठवडे एकावर येतील, हॅरोचे वाढतील. माझा मात्र माझा राहिला. कुणी मागितलाही नाही.

या आठवड्यात मी काय करते ते सगळ्यांना जाणून घ्यायचं असतं. बसने टेकडीवर जाते, वरच्या चर्चच्या आवारात एक बाक आहे, भिंतीला लागून. पुठ्ठ्यावर पट आखून घेतलाय. हरभरे बकऱ्या, खारका वाघ. दोन्हीकडून मीच. हरलेला वाघ खाऊन टाकते. तिथली झाडझूड करणारी एक म्हातारी बाई पहिल्यांदा संशयाने बघायची, आता मान हलवते आणि पुढे जाते, काही विचारत नाही. तिचंही असेल काहीतरी.

हे कुठे टाकायचं नाही, ते मला कळतं. घडी करून खारकांच्या डब्यात ठेवीन. पण एक सांगायचं राहिलं. त्या आठवड्यात फोन बंद असतो असं मी सगळ्यांना सांगितलंय. नसतो बंद. बाकावर माझ्या मांडीवर चालू असतो, आवाज तेवढा बारीक करून, कारण सकाळी अकराच्या सुमाराला पणती उठते आणि नात कधीकधी तिचा फोटो पाठवते. परवा असाच फोटो बघत होते आणि अचानक ती सुरंगी डोळ्यांपुढे आली, जशीच्या तशी. देवळाच्या मागच्या त्या पटाच्या तीन बाजू सावलीत होत्या, थंडगार. तुम्ही चौथ्या बाजूला बसायचात, जरा उन्हातच. तिथून आपलं अंगण दिसायचं.